मौन म्हणजे संमती की नकार? टँगलच्या एका डिफॉल्टचं प्रकरण

महिन्याच्या १७ तारखेला सहकाऱ्याचा मेसेज आला. "अरे, दोन महिन्यांपूर्वीची डेटाबेसची प्रत हवीय. मासिक फोल्डर रिकामं दिसतंय, दुसरीकडे हलवलंस का?"

मी काहीच हलवलं नव्हतं. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर फोल्डर जागच्या जागी, परवानग्या ठीक, आत मात्र एकही फाइल नाही. रोजच्या प्रती शिस्तीत होत्या, बरोब्बर ८. लॉगमध्ये प्रत्येक रात्री 'बॅकअप पूर्ण' अशी ओळ. पोटात गोळा आला. बॅकअप झालाच नाही हे कळलं तर निदान शिव्या कुणाला घालायच्या ते ठाऊक असतं. इथे बॅकअप होत होता, आणि झालेला गुपचूप नाहीसाही होत होता.

कारण सापडायला अर्धा दिवस गेला, कारण मी शोधत होतो स्क्रिप्टमध्ये. स्क्रिप्ट वाचून काही कळेना. तिच्यातली प्रत्येक ओळ आमचीच होती, ओळखीची होती. चूक होती ती स्क्रिप्ट ज्या दस्तऐवजातून निघायची त्याच्या वरच्या एका ओळीत, आणि त्या ओळीचा अर्थ मी मनात जो धरून बसलो होतो त्यात.

स्क्रिप्ट कुठून यायची

आमची बॅकअप स्क्रिप्ट कुणी थेट लिहीत नाही. ईमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग मोडमधली (गद्य आणि कोड एकाच फाइलमध्ये लिहायची सोय) एक लांबलचक फाइल आहे. तिच्यात आधी गद्य येतं: डेटाबेसची प्रत कशी काढायची, कुठे ठेवायची, किती दिवस ठेवायची, का. त्या गद्याच्या मध्ये मध्ये शेलच्या (मशीनला कमांडी द्यायच्या भाषेच्या) कोडचे ब्लॉक. फाइल वाचली की पद्धत कळते, आणि त्याच फाइलमधून ब्लॉक उपसून काढले की चालणारी स्क्रिप्ट मिळते. या उपसण्याला टँगल म्हणतात. आमच्याकडे 'टँगल मारलास का?' असंच विचारतात.

कल्पना जुनी आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या नावाचा लेख लिहिला, त्यात त्यांची वेब नावाची पद्धत मांडली होती (इंटरनेटवरच्या वेबशी तिचा संबंध नाही, ही आधीची). एकाच मजकुरातून वीव्ह नावाचा प्रोग्रॅम छापण्याजोगा लेख विणायचा आणि टँगल नावाचा प्रोग्रॅम पास्कलचा कोड काढायचा. टँगल म्हणजे गुंता, आणि त्या मूळ टँगलमधून निघणारा कोड खरोखरच गुंता असायचा: ओळी ठासून भरलेल्या, माणसाच्या डोळ्यांसाठी नसलेल्या. वाचायचा तो लेख. कोड कंपायलरनं खावा. ही वृत्ती, की निघालेली फाइल कुणी वाचत नाही, आमच्यातही मुरलेली होती. तिची किंमत पुढे मोजली.

ऑर्गमध्ये प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर एक ओळ असते. तिच्यात भाषा लिहायची, मग हवे ते पर्याय. त्यातला एक ':टँगल'. त्याची किंमत 'नो' असू शकते, 'येस' असू शकते, किंवा थेट फाइलचं नाव. काहीच लिहिलं नाही तर? तर 'नो'. म्हणजे डिफॉल्टनं कुठलाही ब्लॉक कुठेही जात नाही. नवा माणूस हौसेनं चार-पाच ब्लॉक लिहितो, टँगलची कळ दाबतो आणि खाली उत्तर येतं: शून्य ब्लॉक टँगल झाले. मग तो उपाय शोधतो आणि त्याला हटकून तोच एक सापडतो: फाइलच्या वर 'प्रॉपर्टी' अशी ओळ टाकून सगळ्या दस्तऐवजासाठी ':टँगल येस' करून टाकायचं. पुन्हा कळ दाबली की सगळं बाहेर. दस्तऐवजाचंच नाव घेऊन, भाषेप्रमाणे शेपूट लावून, ब्लॉक ज्या क्रमानं लिहिलेत त्या क्रमानं एक फाइल तयार.

आमच्या फाइलमध्येही ती ओळ होती. मीच टाकली होती. प्रत रिस्टोअर करायची स्क्रिप्ट वेगळी हवी होती, तर तिच्या ब्लॉकवर मी फाइलचं नाव घालून दिलं. ब्लॉकवर लिहिलेलं वरच्या ओळीला मागे टाकतं, त्यामुळे तेही बरोबर चाललं. वर्षभर कुणाची काही तक्रार नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण घटना घडून गेल्यावर ती ओळ टाकणं हाच मूर्खपणा होता असं म्हणायचा मोह होतो. दस्तऐवजात जोवर फक्त चालवायचाच कोड होता, तोवर ती ओळ योग्यच होती.

जुनी ओळ

बदल झाला तो मासिक प्रतींमुळे. पूर्वी फक्त रोजच्या प्रती होत्या आणि जुन्या झालेल्या पुसायला एक ओळ होती. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो:

फाइंड "$बॅकअप_जागा" -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट

या जागेत ७ दिवसांपेक्षा जुन्या ज्या फायली असतील त्या पूस. (फाइंड दिवस मोजताना वरचे तास सोडून देतो, म्हणून '+७' म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण ८ दिवस झालेली फाइल. रोजच्या प्रती ८ का दिसत होत्या ते यातून कळतं.) मग ठरलं की दर महिन्याच्या १ तारखेची प्रत वर्षभर ठेवायची. मी त्याच जागेत 'मासिक' असं पोटफोल्डर केलं. फाइंड पोटफोल्डरांतही शिरतो, हे ठाऊक होतं, म्हणून ओळ बदलली: मॅक्सडेप्थ १ घातलं (म्हणजे पोटफोल्डरांत शिरू नकोस), फायलींच्या नावाची अट घातली.

आता दस्तऐवज म्हणजे समजावून सांगण्याची जागा. मी नुसती नवी ओळ ठेवून गप्प बसलो असतो तर पुढे कुणीतरी 'हे मॅक्सडेप्थ कशाला?' म्हणून ते काढून टाकलं असतं. म्हणून छोटा परिच्छेद लिहिला: पूर्वी ही ओळ अशी होती, ती आता धोकादायक आहे, कारण मासिक प्रतीही पुसल्या जातील. आणि 'अशी' या शब्दाखाली जुनी ओळ शेलच्या ब्लॉकमध्ये ठेवली. रंगीत दिसते, वाचायला सोपी पडते.

कर्सर तिथे असताना चुकून ब्लॉक चालवण्याची कळ दाबली जाऊ नये म्हणून डोक्यावर ':इव्हॅल नो' घातलं. म्हणजे काळजी घेतली! तेवढं करून निर्धास्त झालो.

':इव्हॅल नो' फक्त एवढंच सांगतं की हा ब्लॉक दस्तऐवजाच्या आतून चालवू नकोस. टँगलला त्याच्याशी देणंघेणं नाही. ':एक्स्पोर्ट्स नन' घातलं असतं, म्हणजे छापील लेखातून ब्लॉक वगळला असता, तरीही टँगलनं तो उचललाच असता. हे तीन पर्याय तीन वेगळ्या दारांचे पहारेकरी आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा वरच्या ':टँगल येस'च्या राज्यात ही जुनी ओळ इमानदारीत स्क्रिप्टमध्ये गेली, नव्या ओळीच्या बरोब्बर वर. आधी जुनी ओळ सगळं पुसायची, मासिकसुद्धा. मग नवी ओळ यायची, तिला पुसायला काही उरलेलं नसायचं. १ तारखेची प्रत ९ तारखेच्या रात्री जायची. ज्या परिच्छेदात 'असं करू नका' लिहिलं होतं, त्यानंच ते रोज रात्री करून दाखवलं.

मी असं का धरून चाललो की इव्हॅल बंद केलं म्हणजे ब्लॉक निष्क्रिय झाला? कारण त्याआधी काही वर्षं मी आर भाषेत निटर (तिथलं असंच गद्य आणि कोड एकत्र लिहायचं साधन) वापरत होतो. निटरमध्ये कोड काढण्याच्या फंक्शनचं नाव पर्ल आहे (विणकामातला उलटा टाका, त्या नावाची भाषा नव्हे). पर्लचं डिफॉल्ट ऑर्गच्या नेमकं उलट: दस्तऐवजातले सगळे तुकडे कोडमध्ये येतात, वगळायचा असेल तो सांगून वगळायचा. मात्र ज्या तुकड्यावर 'इव्हॅल फॉल्स' लिहिलंय, तो पर्ल कमेंट करून टाकतो. तुकडा फाइलमध्ये दिसतो, चालत मात्र नाही. हात तिथे घडला होता. ऑर्गमध्ये आल्यावर मी वरची ओळ टाकून डिफॉल्ट निटरसारखं करून घेतलं आणि निटरची जाळीही सोबत आली असेल असं समजलो. डिफॉल्ट बदलता येतं. त्याच्याभोवती बांधलेली सुरक्षा आपोआप बदलत नाही. या प्रकरणातून मी खरं शिकलो ते हेच, बाकीचं त्याच्या तपशिलात बसतं.

तीन महिने कुणाला दिसलं कसं नाही

हा प्रश्न मला चुकीपेक्षा जास्त छळतो.

पहिलं म्हणजे, फाइंड पुसतो तेव्हा काही बोलत नाही. लॉगला काहीच खटकलं नाही.

दुसरं: टँगल झालेली स्क्रिप्ट आम्ही गिटमध्ये (फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवतच नव्हतो. 'ही काय, तयार होणारी फाइल आहे' म्हणून ती दुर्लक्षित करायच्या यादीत टाकली होती. दस्तऐवजातला माझा बदल रिव्ह्यूला गेला होता, एका सहकाऱ्यानं वाचला होता, 'छान समजावलंयस' असंही म्हणाला होता. त्यानं वाचला तो परिच्छेद. त्या परिच्छेदामुळे स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढतेय हे दाखवणारं काही त्याच्यासमोर नव्हतंच. दोन ओळींचा डिफ (आधीच्या आणि नंतरच्या फाइलमधला फरक) समोर असता तर त्यानं तिथल्या तिथे धरलं असतं. तो माझ्यापेक्षा बारकाईनं वाचतो.

तिसरं कारण पुन्हा डिफॉल्टचंच. ऑर्गमध्ये ':कॉमेंट्स' हा पर्याय डिफॉल्टनं बंद असतो. निघालेल्या फाइलमध्ये ब्लॉकांच्या मध्ये एक रिकामी ओळ येते, बस. कुठला ब्लॉक कुठल्या मथळ्याखालून आला याचा मागमूस नाही. म्हणून त्या दिवशी मी स्क्रिप्ट दोनदा वाचूनही दोन फाइंड एकाखाली एक पाहिले आणि 'एक जनरल, एक नेमका' असं म्हणून पुढे गेलो. त्या ओळीवर 'पूर्वीची पद्धत' असा मथळा चिकटलेला असता तर?

शेवटी स्क्रिप्टमधले ब्लॉक मोजले. ३० निघाले. दस्तऐवजात हातानं टिकमार्क करत गेलो तर जायला हवे होते २६. जास्तीच्या ४ पैकी ३ निरुपद्रवी होते: डिस्कवर जागा किती आहे, फोल्डरमध्ये काय आहे असं हातानं तपासायच्या कमांडी. त्यांचं आउटपुट रोज लॉगमध्ये यायचं आणि ते मुद्दाम टाकलंय असंच आम्ही सगळे समजत होतो. एकानं तर त्यावरून आलेख काढला होता. चौथा ब्लॉक म्हणजे ती जुनी ओळ.

गेलेल्या प्रती मिळाल्या, जवळजवळ सगळ्या. दुसरं एक मशीन दर आठवड्याला आरसिंकनं (फायलींची नक्कल करणाऱ्या कमांडनं) ही जागा ओढून घ्यायचं. आरसिंक डिफॉल्टनं फक्त नव्या आणि बदललेल्या फायली आणतो. मूळ जागी पुसलेली फाइल इकडेही पूस असं वेगळं सांगावं लागतं, आणि ते कुणी सांगितलं नव्हतं. मासिक प्रत ८ दिवस जगायची, ओढण्याची फेरी ७ दिवसांची. एका दिवसाच्या फरकानं वाचलो. एका महिन्यात त्या मशीनची डिस्क भरल्यानं फेरी चुकली होती. ती प्रत गेली ती गेलीच. एका डिफॉल्टशी खेळून मी मारलं होतं, दुसऱ्याला कुणी हात लावला नव्हता म्हणून त्यानं तारलं.

मग उलट्या बाजूची चूक

प्रतिक्रिया ठरलेली होती. वरची ओळ काढा, मूळच्या 'नो'वर या, आणि ज्या २६ ब्लॉकना जायचंय त्यांच्यावर एकेक करून फाइलचं नाव लिहा. तेच केलं.

त्यात पहिल्याच तासात एक गंमत झाली. वरची ओळ पुसली, टँगल मारला, आकडा तोच. ऑर्ग ही प्रॉपर्टीची ओळ फाइल उघडताना वाचून ठेवतो. मधेच बदलली तर तिच्यावर कंट्रोल-सी दोनदा दाबून 'पुन्हा वाच' म्हणावं लागतं. आणि अजून एक: एखाद्या फाइलकडे जाणारा शेवटचा ब्लॉकही बंद केला तर टँगल ती फाइल पुसत नाही. तो तिला हातच लावत नाही. जुन्या नावाची स्क्रिप्ट डिस्कवर तशीच पडून राहते, आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) जुनं नाव असेल तर रोज चालतेही. आमची पडली होती. क्रॉनमधली ओळ वेळेवर बदलली म्हणून प्रकरण वाढलं नाही.

दीड महिन्यानं दुसरा धक्का. आकारानं किरकोळ, पण मला जास्त विचारात टाकणारा.

एका मोठ्या डेटाबेसची प्रत कधी कधी तासन्‌तास चालायची आणि पुढची फेरी तिच्यावर चढायची. एका सहकाऱ्यानं फ्लॉक वापरून कुलूप घालायचं ठरवलं: एक फेरी चालू असेल तर दुसरीनं मुकाट्यानं परत जायचं. त्यानं सुरेख लिहिलं. का, कसं, कुलपाची फाइल कुठे, सगळं. ब्लॉकही नेटका. डोक्यावर फाइलचं नाव लिहायचं तेवढं राहिलं.

दस्तऐवजातून काढलेला लेख आम्ही सगळ्यांनी वाचला. त्यात कोड दिसत होता, कारण लेखात कोड दाखवणं हे डिफॉल्टनं चालू असतं आणि टँगलशी त्याचा संबंध नसतो. म्हणजे लेख सांगतोय कुलूप आहे, लोक म्हणतायत कुलूप आहे, आणि स्क्रिप्टमध्ये कुलूप नाही. दोन फेऱ्या एकमेकींवर चढल्या, अर्धवट प्रत तयार झाली, चेकसमवरून (फाइलच्या मजकुरातून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यावरून) पकडली. नुकसान शून्य.

पहिल्या वेळी दस्तऐवजात 'नको' म्हटलेलं प्रोग्रॅममध्ये होतं. दुसऱ्या वेळी दस्तऐवजात 'आहे' म्हटलेलं प्रोग्रॅममध्ये नव्हतं. दोन्ही वेळा ब्लॉक गप्प होता, आणि त्याच्या मौनाचा अर्थ वाचणाऱ्यानं एक लावला, टँगलनं दुसरा. आपल्याकडे मौन म्हणजे संमती म्हणतात. ऑर्गच्या मूळ डिफॉल्टमध्ये मौन म्हणजे नकार. वरची एक ओळ टाकली की पुन्हा संमती. ती ओळ असते हजार ओळी वर, आणि लिहिणारा असतो खाली, परिच्छेदाच्या ओघात. त्याच्या डोळ्यांसमोर असतो फक्त तो ब्लॉक.

दोन चुकांत कुठली बरी? आमच्या टीममध्ये यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, जास्तीचा कोड गेला तर तो कधीतरी दिसतो, राहून गेलेला दिसतच नाही, म्हणून 'येस' बरं. माझं मत उलट आहे. प्रोग्रॅम तपासणाऱ्या सगळ्या सोयी राहून गेलेलं पकडायला मदत करतात: फंक्शन नाही, व्हेरिएबल नाही, चाचणी पडली. जास्तीची वैध ओळ पकडणारं काही नसतं, कारण ती वैध असते. आणि लेखासारख्या दस्तऐवजात उदाहरणं, फसलेले प्रयत्न, हातानं चालवायच्या कमांडी वाढतच जातात. ते चांगल्या दस्तऐवजाचं लक्षण आहे. ज्या मजकुरात चर्चा जास्त, तिथे नकार हेच डिफॉल्ट हवं. फाइल म्हणजे जवळपास नुसता प्रोग्रॅमच असेल, स्वतःच्या ईमॅक्सची सेटिंग असते तशी, तर 'येस'ला हरकत नाही. तिथे चूक झालीच तर आपलाच एडिटर उघडत नाही आणि लगेच कळतं.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवलाय ते पाहिलं तेव्हा एक गोष्ट आवडली. नॉर्मन रॅमसे यांच्या नोवेब या लिटरेट प्रोग्रॅमिंगच्या साधनात 'जाईल की नाही' असा झेंडाच नाही. तुकड्यांना नावं असतात, एक तुकडा दुसऱ्याला नावानं बोलावतो, आणि कोड काढताना तारका-चिन्हाच्या नावाचा तुकडा मूळ धरून तिथून जे जे बोलावलं गेलंय तेवढंच बाहेर येतं. कुणी बोलावलं नाही तो तुकडा बाहेर राहतो. आणि कुणीच न बोलावलेले तुकडे कुठले, याची यादी देणारी छोटी कमांडही सोबत येते. आमचं कुलूप त्या यादीत पहिल्याच दिवशी दिसलं असतं. त्याच्याच सोबत येणारं आणखी एक हत्यार निघालेला कोड जुन्या फाइलशी ताडून पाहतं आणि फरक असेल तरच फाइल बदलतं, म्हणजे मेक (बदललेल्या फायली पाहून प्रोग्रॅम बांधणारं साधन) उगाच सगळं पुन्हा बांधत बसत नाही. लहान गोष्ट, पण कुणीतरी रोज वापरून लिहिलेली.

त्या मोहात पडून मी ऑर्गमध्येही नोवेबची पद्धत आणायला गेलो. कुलपाच्या ब्लॉकला नाव दिलं आणि मुख्य ब्लॉकमध्ये दुहेरी कोनांच्या कंसात ते नाव लिहून त्याला बोलावलं. इथेही डिफॉल्ट: ऑर्गमध्ये ':नोवेब' पर्याय बंद असतो, म्हणून संदर्भ उलगडला नाही, कंसांसकट तसाच स्क्रिप्टमध्ये उतरला. शेलला तो व्याकरणदोष वाटतो, पण बॅश (आमचा शेल) स्क्रिप्ट पूर्ण वाचून मग चालवत नाही, वाचत वाचत चालवतो. तेव्हा दोषापर्यंतच्या सगळ्या ओळी चालल्या, त्यात जुन्या प्रती पुसण्याचीही, आणि नवी प्रत काढण्याआधी स्क्रिप्ट पडली. सुदैवानं हे चाचणीच्या मशीनवर. बॅशला '-एन' देऊन आधी नुसतं वाचायला लावलं असतं तर लगेच कळलं असतं. मग ':नोवेब येस' केलं, तर कळलं की नावात एका अक्षराची चूक असेल तर ऑर्ग डिफॉल्टनं तक्रार न करता तिथे रिकामी जागा सोडतो. कुठल्या भाषांसाठी आरडाओरडा करायचा याची एक यादी असते आणि ती मुळात रिकामी असते. शेल त्या यादीत हातानं घातलं. याउलट फाइल ज्या फोल्डरमध्ये जायची तेच नसेल तर ऑर्ग तिथल्या तिथे अडतो, कारण फोल्डर बनवणंही डिफॉल्टनं बंद आहे. तो अडला तेव्हा मी त्याला मनापासून धन्यवाद दिले. बंद असलेलं डिफॉल्ट ओरडून सांगत असेल तर त्याच्याशी माझं भांडण नाही.

आता कसं आहे

डिफॉल्ट 'नो'च ठेवलंय, दस्तऐवजाच्या पातळीवर काहीही नाही. त्याऐवजी 'प्रोग्रॅम' नावाचा एक मथळा केला आणि शेलच्या ब्लॉकसाठी फाइलचं नाव त्या मथळ्याच्या प्रॉपर्टीत लिहिलं. त्याच्या पोटातल्या सगळ्या मथळ्यांना ते वारशानं मिळतं. चर्चा, इतिहास, हातानं करायच्या गोष्टी त्या मथळ्याच्या बाहेर. तिथे मौन म्हणजे नकार, आत मौन म्हणजे संमती. आत एखादी उदाहरणादाखल ओळ दाखवायचीच असेल तर ती सोर्स ब्लॉकमध्ये ठेवायची नाही, एक्झाम्पल ब्लॉकमध्ये ठेवायची. रंग दिसत नाहीत, पण टँगल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एखादा मोठा विभागच तात्पुरता बाजूला ठेवायचा तर मथळ्याला 'कॉमेंट' हा शब्द लावायचा. टँगल तो विभाग सोडतो. 'नोएक्स्पोर्ट' हा टॅग मात्र चालत नाही, तो फक्त लेखातून वगळतो. यावर एकदा एक जण फसला.

':कॉमेंट्स लिंक' चालू केलं. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक तुकड्यावर आता तो कुठल्या मथळ्याखालून आला ते लिहिलेलं असतं. स्क्रिप्ट लांबली, कुरूप झाली, मला चालते. ती गिटमध्येही ठेवली. यावर टीममध्ये अजून कुरकुर आहे, तयार होणारी फाइल गिटमध्ये ठेवू नये हा संस्कार खोल असतो. पण रिव्ह्यू करणाऱ्याला गद्याचा डिफ आणि स्क्रिप्टचा डिफ शेजारी शेजारी दिसतो, आणि टँगल झालेल्या ब्लॉकांचा आकडा आम्ही कमिटच्या (गिटमधल्या प्रत्येक नोंदीच्या) संदेशात लिहितो. कुलूप धरून सध्या २७.

गेल्या आठवड्यात एका कमिटमध्ये तो २६ होता. दस्तऐवजात कुणी काही पुसलं नव्हतं, गद्यातल्या दोन वाक्यांची डागडुजी फक्त. स्क्रिप्टच्या डिफमध्ये मात्र चेकसम काढायच्या ११ ओळी लाल. रिव्ह्यू करणाऱ्यानं विचारलं, "हे मुद्दाम केलंयस?" मी म्हटलं, नाही रे. शोधलं तर मथळ्यापुढची एक चांदणी संपादन करताना खोडली गेली होती. तो मथळा 'प्रोग्रॅम'च्या पोटातून बाहेर येऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला होता. चांदणी परत लावली, टँगल मारला, २७.